लाजर काय बोलला

“म्हणजे ती मेली होती की नव्हती? एवढंच सांगा.”

रेव्हरंड योनाथान उजागरे दाढी करत होते. अर्ध्या गालावर साबण होता. कडुनिंबाच्या फांदीला टांगलेला आरसा वाऱ्याने सारखा फिरत होता, आणि आरसा फिरेल तिकडे म्हातारा फिरत होता.

“कोण मेली होती?”

“रिबका. ती विहिरीतली मुलगी.”

“ती तर जिवंत आहे. परवाच मला वांगी देऊन गेली.”

एलिया मकासरेने ओठ आवळले. हा प्रश्न विचारायला तो लांबून आला होता, एसटीतून उभा राहून. वांग्यांसाठी नव्हे.

एलिया तरुण पाळक. पुण्याच्या देवज्ञान विद्यालयातून नुकताच शिकून बाहेर पडलेला, वर्गात पहिला. शुभवर्तमानातली चिन्हं हा त्याचा खास विषय. प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला, आंधळ्याला दृष्टी दिली, मेलेल्याला उठवलं. शुभवर्तमान लिहिणारा योहान या गोष्टींना चमत्कार म्हणतच नाही, चिन्हं म्हणतो. का म्हणतो, हे एलिया तासभर सांगू शकत असे. मूळ ग्रीक शब्द त्याला ठाऊक होता, आणि तो आपल्याला ठाऊक आहे हे समोरच्याला कळल्याशिवाय त्याचं बोलणं संपत नसे.

पण खोट कितीही काढली तरी एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायलाच हवी. त्याला खरंच जाणून घ्यायचं असायचं. लहानपणी संडे स्कूलमध्ये बाईंनी सांगितलं, प्रभू पाण्यावरून चालत गेला. सगळी पोरं गप्प. एलियाने हात वर केला, “त्याचे पाय ओले झाले होते का?” बाईंनी त्याला बाहेर उभं केलं. बाहेर उभा राहूनही तो त्याचाच विचार करत होता.

आता तो बोरसांगवीत आला होता. प्रवरेच्या काठचं हे गाव, गावाच्या टोकाला ख्रिस्ती मंडळीची वस्ती, मधोमध प्रार्थनेचं कौलारू देऊळ आणि देवळामागे विहीर. बऱ्याच वर्षांमागे या विहिरीत रिबका त्रिभुवन नावाची शाळकरी पोर पडली. वर काढली तेव्हा श्वास नव्हता. सुताराने शवपेटीची फळी कापायला घेतली होती. पाळक उजागरे तिच्या उशाशी बसले, प्रार्थना केली, आणि पोर खोकली.

तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी विहिरीवर सभा भरते. ट्रॅक्टर, जीपगाड्या भरभरून माणसं येतात. यंदा उपदेश एलियाचा होता. सभा उद्या. आदल्या दिवशी येऊन खरं काय ते मुळापासून जाणून घ्यावं, असा त्याचा बेत होता.

“सगळे म्हणतात, तुम्ही प्रार्थना केली आणि ती उठली.”

“म्हणतात.”

“आणि तुम्ही काय म्हणता?”

“श्वास नव्हता,” उजागरे म्हणाले. वस्तरा पाण्यात बुडवला. “मग होता.”

“आणि मधे?”

“मधलं मला माहीत नाही.”

“प्रार्थना कुठली केलीत? शब्द कुठले?”

“शब्द आठवत नाहीत. ओरडत होतो, एवढं आठवतं.”

एलिया पुढे सरकला. आता त्याला चेव आला.

“थंड पाण्यात माणसाचा श्वास अगदी मंदावतो, पाळकसाहेब. नाडी लागत नाही. बघणाऱ्याला वाटतं, गेला. डॉक्टरांना असे रोगी भेटलेले आहेत.”

“असेल.”

“म्हणजे चमत्कार नव्हता?”

“असेल.”

“दोन्ही कसं असेल?”

“तुझा चहा गार होतोय.”

एलियाने चहा एका घोटात संपवला. तो गारच झाला होता. म्हाताऱ्याने उरलेला गाल उरकला, तोंड धुतलं, पंच्याने पुसलं आणि तो बाजेवर येऊन बसला.

“उद्या कशावर बोलणार?”

“लाजरावर.” एलिया सावरून बसला. इथे त्याचा पाय पक्का होता. “दुसरं काय शोभणार? बेथानी गावचा लाजर. मार्था आणि मरीयेचा भाऊ. तो मेला, त्याला गुहेत ठेवलं, तोंडाशी धोंड लावली. चौथ्या दिवशी प्रभू तिथे आला. धोंड काढायला लावली आणि मोठ्याने हाक मारली, लाजरा, बाहेर ये. आणि तो आला. हातपाय फडक्यांनी बांधलेले, तोंडाला रुमाल गुंडाळलेला... तसाच चालत बाहेर आला.”

“मग?”

“मग प्रभूने लोकांना सांगितलं, याला मोकळं करा, जाऊ द्या. पुष्कळांनी विश्वास ठेवला. शेवटचं आणि सगळ्यांत मोठं चिन्ह.”

“छान सांगतोस.”

एलियाने नम्रपणे मान खाली घातली. फार खाली नाही.

“मग लाजर काय बोलला?”

एलियाने मान वर केली.

“कधी?”

“कधीही. बाहेर आल्यावर.”

तो अध्याय एलियाला तोंडपाठ होता. त्याने मनातल्या मनात ओळी पुढे ढकलल्या. मार्था बोलते, मरीया बोलते, शिष्य बोलतात, शोक करायला आलेली माणसं बोलतात. तो पुढच्या अध्यायात गेला. तिथे लाजराच्या घरी जेवण आहे. मार्था वाढतेय. लाजर पंगतीला बसलाय. त्याला बघायला लोकांची गर्दी लोटलीय. पुढारी घाबरलेत, यालाही मारून टाकावं म्हणताहेत. आणि लाजर...

“शास्त्रात नाही,” एलिया म्हणाला.

“चार दिवसांचा मेलेला माणूस परत आला. आणि एक शब्द नाही?”

“नाही...”

“का रे?”

या अध्यायावरची किती भाष्यं त्याने वाचली होती. हा प्रश्न त्यांत कुठे दिसला नव्हता. खरं सांगायचं तर त्याने तो कधी शोधलाच नव्हता. दाताच्या फटीत काही अडकावं तसा तो प्रश्न आता त्याच्या डोक्यात बसला.

“तुम्हाला माहीत आहे?”

“नाही.”

“मग मला कशाला विचारलंत?”

“मला माहीत नाही म्हणूनच तर विचारलं.” उजागऱ्यांनी चपला पायात सरकवल्या. “चल, रिबकाच्या घरी जाऊन येऊ.”

रिबकाचं घर देवळापासून हाकेच्या अंतरावर. ओट्यावर वैजापूरकडच्या दोघी बाया बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर किरकिरं लेकरू. रिबका दारातून बाहेर आली. तिशीतली, उंच, अंगणवाडीत मदतनीस. तिने लेकराच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवताना तिची नजर दूर रस्त्याकडे होती. पोस्टातला माणूस टपालावर शिक्के मारतो, तसा तो हात ठेवला आणि उचलला.

बाया पाया पडून निघून गेल्या.

“हे एलिया मकासरे,” उजागरे म्हणाले. “उद्याचे उपदेशक. यांना तुला काही विचारायचंय.”

रिबकाने पाट सरकवला. तिची आई एस्तेरबाई अंगणाच्या कोपऱ्यात तुरीच्या काड्यांची खराटी बांधत होती. तिने वर पाहिलं नाही.

एलिया खाकरला. “ताई, तुम्ही तिकडे असताना... म्हणजे त्या वेळी... तुम्हाला काय दिसलं होतं?”

“उजेड दिसला,” रिबका म्हणाली. “पांढरी वस्त्रं घातलेले लोक दिसले. गाणं ऐकू आलं.”

तेही शिक्का मारल्यासारखंच.

“रिबका,” उजागरे हळूच म्हणाले.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “काही दिसलं नव्हतं. अंधार होता. लोक विचारायचे, उजेड दिसला का गं? मी हो म्हणायचे. हो म्हटलं की त्यांचे चेहरे असे खुलायचे... लहान होते मी. मग तेच अंगवळणी पडलं.”

एलिया थक्क होऊन बघत राहिला. त्याच्या डोक्यातल्या उपदेशाचा एक खांब कोसळला होता. पण गंमत अशी की त्याला वाईट वाटलं नाही. उलट पुढचा प्रश्न आपोआप तोंडातून निघाला, अगदी संडे स्कूलमधल्या पोरासारखा.

“मग तुम्ही विहिरीत पडलात कशा?”

खराटी बांधणारे हात थांबले.

रिबकाने एलियाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

“पडले नव्हते. उडी मारली होती.”

“उडी?”

“मरायला नव्हे हो. पोहायला. आईसारखं.”

एस्तेरबाई उठली. काड्या तिथेच टाकल्या आणि आत निघून गेली.

कोंबडी काड्यांवरून चालत गेली.

“आईसारखं म्हणजे?” एलियाने दबक्या आवाजात विचारलं.

“एस्तेरचं माहेर गोदाकाठचं,” उजागरे म्हणाले. “भर पुरात पलीकडे जाऊन परत यायची. त्या दिवशी पोरीला विहिरीतून वर कुणी काढलं, असं तुला वाटतं?”

एलियाने आठवून पाहिलं. ही हकिगत त्याने कितीतरी तोंडून ऐकली होती. प्रत्येकात विहीर होती, सुतार होता, पाळक होते, प्रार्थना होती. पोर पाण्यातून वर आली कशी, हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्यानेही विचारलं नव्हतं.

“तेव्हापासून आई पाण्यात उतरली नाही,” रिबका म्हणाली. “मलाही उतरू दिलं नाही. माझ्या पदराला तिचा पदर बांधून झोपायची. अजून मध्यरात्री उठून हात लावून बघते. मी ओढ्याच्या कडेने चालले तरी हिचा जीव वरखाली. आणि गाव... गावाने तर मला खुर्चीवरच बसवून ठेवलंय. स्थळं यायची मला, माहितीय? बघायला यायचे आणि पाया पडून जायचे.”

ती हसली. एलियाला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली.

“हे तुम्ही कुणाला बोलला नाहीत?”

“कुणी विचारलं नाही.”

परतताना एलिया भराभर चालत होता. म्हातारा मागे राहिला की थांबत होता.

“पाळकसाहेब, इतकी वर्षं हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही सांगितलं का नाहीत?”

“दरवर्षी सांगतो. तिला आईने काढली, मी नुसता ओरडत होतो, असं सभेत उभं राहून सांगतो.”

“मग?”

“लोक म्हणतात, पाळकसाहेब किती नम्र आहेत.”

एलिया काही पावलं तसाच चालला. मग थबकला.

“मला कळलं! लाजर का बोलला नाही ते कळलं. त्याला कुणी विचारलंच नाही.”

“असेल.”

“असेल?”

“किंवा विचारलं असेल, आणि तो जे बोलला ते लिहिणाऱ्याला कामाचं वाटलं नसेल.” उजागऱ्यांनी पायातला काटा काढायला एलियाच्या खांद्याचा आधार घेतला. “किंवा तो बोलत असेल, आणि लोक नुसते बघत असतील.”

“यातलं खरं कुठलं?”

“उद्या तू बोलणार आहेस. मी नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच विहिरीभोवती मांडव गजबजला. विहिरीच्या तोंडावर लोखंडी जाळी, जाळीवर चुन्याने रंगवलेला पांढरा क्रूस. पेटी-तबल्यावर भजनं चालली होती. माणसं मांडवात मावेनात म्हणून बांधावर बसली होती. व्यासपीठावर लाल गादीची खुर्ची, आणि खुर्चीवर पांढऱ्या साडीत रिबका. गळ्यात शेवंतीचा जाडजूड हार, मानेमागे दोऱ्याने करकचून बांधलेला, दिवसभरात घसरू नये म्हणून. लोक एकामागून एक येत, तिच्या पायाशी वाकत आणि पुढे सरकत.

मंडळीचे सेक्रेटरी गमलिएल ओहोळ यांनी प्रास्ताविक केलं. ओहोळ भला माणूस. या सभेसाठी महिनाभर राबायचा.

“या भगिनीला प्रभूने मरणातून परत दिलं! आपल्या बोरसांगवीला हे चिन्ह दिलं! आता याचा अर्थ आपल्याला आदरणीय एलिया मकासरे उलगडून सांगतील.”

एलिया उभा राहिला.

उपदेश तयार होता. चिन्ह म्हणजे काय, चिन्ह कशाकडे निर्देश करतं, चिन्ह बघणाऱ्याचं कर्तव्य काय. वाक्यं घोटून घोटून गुळगुळीत केलेली. त्याने माइक हातात घेतला, पहिलं वाक्य जिभेवर आलं, आणि तेवढ्यात त्याचं लक्ष रिबकाकडे गेलं. ती हाराखाली मान खाजवायचा प्रयत्न करत होती, कुणाला दिसणार नाही अशा बेताने.

“लाजर कबरेतून बाहेर आला,” एलिया म्हणाला. “मग तो काय बोलला?”

लोक थांबले. उपदेशक स्वतःच प्रश्न विचारतात आणि स्वतःच उत्तर देतात, हे त्यांना सवयीचं होतं.

एलियाने उत्तर दिलं नाही.

बांधावर कुणीतरी खोकलं. तबलजीने उगीच तबल्याची गादी सारखी केली.

“मला माहीत नाही,” एलिया म्हणाला. भर सभेत हे तीन शब्द तो आजवर कधी बोलला नव्हता. “शास्त्रातही नाही. पण आपल्याकडे ताई बसल्यात. आपण त्यांना विचारू शकतो.”

तो खुर्चीपाशी गेला आणि माइक तिच्यापुढे धरला.

“ताई, तुम्हाला काय हवंय?”

रिबकाने माइककडे पाहिलं. मग समोरच्या गर्दीकडे. गर्दीत बायकांच्या बाजूला तिची आई बसली होती, गुडघ्यांभोवती हात आवळून.

“पाळकसाहेब...” ओहोळ मागून कुजबुजले. “उपदेश करा ना...”

रिबका गप्पच होती. इतका वेळ, की एलियाला वाटलं आपण हिच्यावर अन्याय केला. तो माइक मागे घेणार, एवढ्यात ती बोलली.

“मला पोहायला शिकायचंय.”

भोंग्यांनी ते वाक्य शेतांवरून दूरवर नेलं.

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, “अगं बया! एकदा देवानं वाचीवलं, तेवढं पुरं नाय व्हय?” आणि मांडवभर कलकल सुरू झाली.

“ताई थट्टा करताहेत,” ओहोळ पुढे होत म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. “ताई थकल्यात.”

एलियाला पुढे काय करायचं ते सुचेना. इथवरचं त्याने ऐनवेळी ठरवलं होतं, तेही धड नाही. त्याने मांडवाच्या टोकाला बसलेल्या उजागऱ्यांकडे पाहिलं. म्हातारा चष्म्याच्या काचा धोतराने पुसत होता. काचा पुसून झाल्या तरी पुसतच राहिला.

मग एलियाने माइक तोंडाशी आणला. त्याचा आवाज आता उपदेशकाचा नव्हता.

“प्रभूने लाजराला हाक मारली. पण त्याच्या अंगावरची फडकी प्रभूने सोडली नाहीत. ते काम तिथे उभ्या असलेल्या लोकांना सांगितलं. मोकळं करा म्हणाला. जाऊ द्या म्हणाला.”

त्याने पुढचं काही आठवून पाहिलं. काही नव्हतं.

“एवढंच,” असं म्हणून तो खाली बसला.

बोरसांगवीत इतका लहान उपदेश कधी झाला नव्हता. ओहोळ इकडे तिकडे बघू लागले. पेटीवाल्याने भजन धरावं की नाही, त्याला कळेना.

तेव्हा बायकांच्या बाजूने एस्तेरबाई उठली.

ती वाट काढत पुढे आली, व्यासपीठावर चढली आणि रिबकाच्या मागे जाऊन उभी राहिली. तिने हाराच्या गाठीला हात घातला. गाठ सुटेना. दोरा शेवंतीच्या देठांत रुतला होता. एलिया मदतीला उठू लागला. मांडवाच्या टोकाकडून उजागऱ्यांनी नुसता तळहात दाखवला... थांब.

एस्तेरबाई वाकली आणि तिने दोरा दातांनी तोडला.

हार रिबकाच्या मांडीवरून घसरून खाली पडला.

“चल,” एस्तेरबाई म्हणाली.

त्या दोघी मांडवातून बाहेर पडल्या. नदीच्या वाटेला लागल्या. त्यांच्यामागे आधी दोन-चार बाया निघाल्या, मग दहा-बारा माणसं, मग जवळजवळ अर्धी सभा. ओहोळ मधेच थांबत, परत चालत येत होते. उजागऱ्यांनी मांडवाच्या खांबाला गुंडाळलेला जास्तीचा दोर सोडला, खांद्यावर टाकला आणि एलियाच्या बरोबरीने चालू लागले.

बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी संथ होतं. ऊन चांगलं तापलं होतं. काठाशी पोहोचल्यावर उजागऱ्यांनी रिबकाला जवळ बोलावलं आणि दोराचं एक टोक तिच्या कमरेला बांधलं. गाठ दोनदा ओढून पाहिली.

एलिया गोंधळला.

“पाळकसाहेब... आत्ताच तर मी म्हणालो, मोकळं करा.”

“म्हणालास.”

“मग हे?”

“दुसरं टोक धर.”

एलियाने धरलं. इस्त्रीची पँट, काळे बूट, तसाच तो गुडघाभर पाण्यात उतरला. त्याला स्वतःला पोहता येत नव्हतं, हे त्या घडीला त्याच्या लक्षातही आलं नाही.

एस्तेरबाईने कासोटा घातला. पाण्यात पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. पाणी गुडघ्याला लागलं आणि ती थांबली. तिच्या पाठीवरून एलियाला दिसत होतं, ती मोठमोठे श्वास घेत होती. तिला पुढे जाववेना आणि मागेही येववेना.

रिबका तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. “आई, थंड आहे गं,” ती म्हणाली.

“थंडच असतं,” एस्तेरबाई म्हणाली. आणि पुढे झेपावली.

बोरसांगवीने तिला असं कधी पाहिलं नव्हतं. कामाने वाकलेली, कमी बोलणारी ती बाई पाण्यात शिरली आणि पाण्याचीच झाली. एक लांब सुळकी मारून ती पार मधे वर आली, वळली आणि हात पसरून हाक मारली, “ये! घाबरू नको, ये!”

रिबका गेली. धडपडत, पाणी उडवत गेली. आईने तिच्या पाठीखाली तळहात धरला. “वर बघ. अंग सैल सोड. सैल... अगं, सैल म्हणते ना!” रिबका क्षणभर तरंगली आणि बुडाली.

काठावरून किंकाळी उठली. ओहोळ गुडघ्यांवर बसले. “प्रभू! पाळकसाहेब, प्रार्थना करा! अहो, प्रार्थना करा!”

एलियाच्या हातातला दोर ताठ झाला. त्याने ओढायला जोर लावला आणि तेवढ्यात रिबकाचं डोकं वर आलं. केस तोंडावर चिकटलेले, नाकातोंडात पाणी गेलेलं, आणि ती हसत होती. मोठ्याने, लहान पोरीसारखी. एस्तेरबाईही हसत होती. एका हाताने लेकीला धरून दुसऱ्या हाताने डोळे पुसत होती, आणि पाण्यातच असल्यामुळे ते पुसले जात नव्हते.

“पुन्हा!” रिबका ओरडली.

एलियाने दोर सैल केला. दोर त्याच्या मुठीत जिवंत झाल्यासारखा सरकत होता. कधी ओढ खाई, कधी ढिला पडे, कधी हलकेच थरथरे. त्या थरथरीवरून पलीकडे काय चाललंय, हे न बघताही कळतंय असं त्याला वाटलं. काही वेळ तो सगळं विसरून गेला. मग सवयीने त्याच्या मनात प्रश्न उभा राहिला.

मागे पाण्याशी येऊन उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याला त्याने नजर न वळवता विचारलं, “पाळकसाहेब... मग चिन्ह कुठलं? विहिरीतलं, की हे?”

उजागरे पाण्याकडे बघत होते.

मग ते काठावरच्या माणसांकडे वळले, गुडघ्यांवर बसलेल्या ओहोळांना हात देऊन उठवलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले,

“पाण्यातून बाहेर आलं की माणसाला भूक लागते. कुणाजवळ भाकरी आहे का?”